सात, अकरा, वीस आणि मधले दिवस

गुरुवार, ३ ऑगस्ट २०२३

आमच्या अकोल्यात सीए दोनच ठिकाणी दिसतो. निकाल लागला की पेपरातल्या फोटोत, आणि काही वर्षांनी एखाद्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावरच्या पाटीवर. हा माणूस झोपतो कधी, रविवारी करतो काय, हे कोणी पाहिलेलं नसतं. लेकीची बारावी झाली, तिने ‘मी सीएच करणार’ असं जाहीर केलं आणि घरात क्लासवाल्यांच्या माहितीपत्रकांचा ढीग झाला. मावसभाऊ पुण्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतो. त्याला फोन लावला. म्हटलं, दादा, फी भरायच्या आधी हिला तुझ्याकडे आणते. ऑफिस नाही दाखवायचं, तू दाखवायचास.

तो म्हणाला, "जुलैत पाऊल ठेवू नका. एकतीसनंतर या. पण सातच्या आत."

रात्रभराचा रेल्वेप्रवास करून सकाळी पुणे स्टेशनवर उतरलो. रुबी हॉलपासून गरवारे कॉलेजपर्यंतची मेट्रो मंगळवारीच सुरू झाली होती, त्यामुळे डब्यात प्रवासी कमी आणि बघे जास्त. एक आजोबा नातवाला खिडकीतून नदी दाखवत होते, नातू मोबाइलमध्ये. गरवारेला उतरून रिक्षाने सहकारनगर. (पुणेरी पाट्या आणि दुपारची झोप या दोन विषयांवर काही लिहायचं नाही असं मी गाडीतच ठरवलं होतं. त्यातला दुसरा नियम दारातच मोडावा लागतोय.) सकाळचे साडेदहा वाजले होते आणि दादा झोपला होता.

"उठवू नका," वहिनी म्हणाल्या. "एकतीस तारखेची झोप हप्त्याहप्त्याने भरून काढतोय."

एकतीस जुलै ही पगारदारांची आणि ज्यांचं ऑडिट नसतं अशा बहुतेकांची विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. दुपारी जेवताना दादाने सांगितलं, यंदा एकतीसपर्यंत देशभरात ६ कोटी ७७ लाख रिटर्न भरली गेली. त्यातली ६४ लाखांहून जास्त एकट्या शेवटच्या दिवशी. "एप्रिलपासून दार उघडं असतं. पण माणसाला दार लागायला आलं की आत जावंसं वाटतं. आणि माझ्याकडे येणारे सगळे त्या चौसष्ट लाखांतलेच." मुदत वाढेल म्हणून बरेच जण शेवटपर्यंत थांबले होते. ती काही वाढली नाही.

संध्याकाळी त्याच्याबरोबर सदाशिव पेठेत ऑफिसवर जाऊन आलो. दोन खोल्या, फायलींचे कपाटभर गठ्ठे, टॅली उघडलेले चार संगणक, कोपऱ्यात चहाची किटली. ऑफिसाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची ऑफिसातली उमेदवारी, करणारी एक मुलगी बँकेच्या स्टेटमेंटशी हिशेब जुळवत होती. आम्ही अर्धा तास होतो, तेवढ्यात तिने मान एकदाही वर केली नाही. लेकीने हळूच स्टायपेंड विचारलं. मामाने आकडा सांगितला. तिने तो पुन्हा विचारला. आर्टिकलशिप आतापर्यंत तीन वर्षांची होती, नव्या योजनेत दोनची होणार, एवढंच काय ते तिचं समाधान.

फळ्यावर खडूने तीन आकडे लिहिले होते: ७, ११, २०. सातला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला कर, सरकारजमा करायचा, अकराला जीएसटीचं विक्रीचं विवरण, वीसला जीएसटीचा भरणा. दर महिन्याला. "यांच्या मधे जे दिवस उरतात," दादा म्हणाला, "ते माझे."

शुक्रवार, ४ ऑगस्ट

पहाटे साडेपाचला पर्वती. पायऱ्या एकशे तीन, रुंद आणि ठेंगण्या, हत्ती चढावा अशा बेताच्या. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये वरचं देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं आणि पानिपतानंतर, १७६१ मध्ये, इथंच त्यांचा अंत झाला. भुरभुर पाऊस होता. दादा रोज येतो. त्याच्यासारखेच रोज येणारे निवृत्त इंजिनिअर, दुकानदार, एक डॉक्टरीणबाई पायऱ्यांवर भेटत जातात आणि प्रत्येकाच्या पोटात एक प्रश्न असतो.

"टॅक्सची नवी रिजीम की जुनी?"

"भावाने फ्लॅट माझ्या नावावर केला तर टॅक्स कोणाला?"

"त्या मेसेजवर क्लिक केलं, काही होईल का हो?"

दादाने यावर नियम केलाय. सल्ला फक्त चढताना, उतरताना नाही. आणि शेवटची पायरी आली की वाक्य अर्धवट असलं तरी तोडायचं. लोक त्यामुळे हळूहळू चढायला लागलेत, अशी त्याची तक्रार आहे. मला तरी त्या तक्रारीत अभिमानच जास्त ऐकू आला. फुकट सल्ला मागणाऱ्यांना कंटाळलेले वकील-डॉक्टर मी पाहिलेत. हा कंटाळलेला दिसला नाही. चढताना त्याला कोणी प्रश्न विचारला नाही, तर बहुधा तोच कोणालातरी विचारेल.

वरून पायथ्याचा भाग दाखवत त्याने सांगितलं की तिथे रमणा होता. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. दूरदूरहून लोक यायचे आणि त्यांना रमण्यात कोंडून एकेकाला दारातून बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायचे, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. लेक म्हणाली, "म्हणजे बोटाला शाई." दादा खूश झाला. "बरोबर. इंटर्नल कंट्रोल."

यंदा श्रावण अधिक आलाय. वहिनींच्या माहेरी जावयाचं अनारशांचं वाण ठरलेलं. दादाला त्यातही हिशेब दिसतो. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. दरसाल अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना घालून तो मिटवावा लागतो. "आपल्या पंचांगवाल्यांनी रिकन्सिलिएशन केलं आणि त्याला देव दिला, पुरुषोत्तम. आमच्या रिकन्सिलिएशनला कोणी अनारसेसुद्धा देत नाही."

दुपारी तो कामाला गेला. आम्ही लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई केली. येताना बेलबाग पाहिला. नाना फडणवीसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ. लक्ष्मी रोडच्या गर्दीत नजर वर केली नाही तर दारावरून निघून जाल. पेशव्यांच्या फडाचा हिशेब ज्याच्या हाती, त्याच माणसाच्या हाती पुढे सगळं राज्य आलं. शाळेत आम्हाला तो साडेतीन शहाण्यांतला अर्धा म्हणून शिकवला होता, कारण त्याला तलवार चालवता येत नव्हती. हिशेब ठेवणाऱ्याला अर्धंच धरायची आपली खोड जुनी आहे.

शनिवार, ५ ऑगस्ट

या दिवसासाठी पुण्याला यायला हवं होतं, हे आता कळतंय.

तोवर माझ्या मनात एक चित्र होतं. दिवसभर आकड्यांत बुडालेला माणूस संध्याकाळी गात असेल, नाटक करत असेल, नाहीतर बागकाम. आकडे विसरायला काहीतरी हवंच की! घरात तानपुरा वगैरे दिसतो का म्हणून मी गुपचूप पाहूनही घेतलं होतं. दिसला नाही.

जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "चला, मोडीला." सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, इतिहासाचार्य राजवाड्यांनी सुरू केलेलं. दादा तिथल्या वर्गात मोडी शिकला. आता वर्गातले काही जण शनिवारी नारायण पेठेत एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरी जमतात. जुना वाडा पाडून उठलेली इमारत, तिसरा मजला. सतरंजी, मधोमध कागदांच्या झेरॉक्स, भिंगं. एक संस्कृतच्या बाई, एक आयटीतला मुलगा, बँकवाले काका आणि आमचा दादा.

मोडी मी आधी फक्त आजोबांच्या खरेदीखतावर पाहिलेली. आधी ओळ आखायची आणि तिला लटकवत अक्षरं लिहीत सुटायचं, हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. सरकारी कामकाज असंच चालायचं. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात असे कागद हजारो रुमालांत बांधून ठेवलेत. आपल्याला वाटतं त्यात लढाया असतील, कारस्थानं असतील. आहेतच. पण बहुतांश काय आहे? जमाखर्च. रोजकीर्द, तालेबंद, अजमास. आज काय आलं, काय गेलं, वर्षाचं काय झालं, पुढच्या वर्षी काय होईल असं वाटतं.

मंडळी वाचायला बसली. बाकीचे अक्षरांवरून बोट फिरवत होते, ‘हा र की न’, ‘इथे काना आहे का घडी पडलीय’. दादा उजवीकडच्या आकड्यांवरून खाली उतरत गेला.

"तू शब्द नाही वाचत?" मी विचारलं.

"आकड्यांना खोटं बोलायला जास्त कष्ट लागतात. आधी ते वाचतो."

कागद कोठीच्या खर्चाचा होता. लेकीला तो समजावत होता ते मीही ऐकलं. रुपयाचे सोळा आणे. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. गूळ ७॥।, म्हणजे पावणेआठ रुपये, सात रुपये बारा आणे. तेल ३॥. तुपाच्या आकड्यावर नेमकं मूळ कागदाला कसरीने भोक पाडलेलं. उरलेल्या शेपटावरून काका म्हणत होते १।, बाईंना ती ९। वाटत होती. आयटीतल्या मुलाने फोटो मोठा करून पाहिला, भोकच मोठं झालं. खाली एकूण होती २०॥.

दादा गप्प. त्याने कागद लेकीपुढे सरकवला.

तिने फोन काढला. त्याने तो उलटा ठेवला. तिने वहीत लिहिलं: पावणेआठ आणि साडेतीन, सव्वाअकरा. साडेवीसातून सव्वाअकरा गेले...

"सव्वानऊ," ती म्हणाली. "नऊ आहे तो!"

बाईंनी टाळी दिली. काकांनी मुकाट्याने पेन्सिलीने नऊ लिहिला. वर म्हणाले, "हल्लीच्या मुलांना सव्वा-पाऊण येतं म्हणजे कमाल आहे." त्यांच्या लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी सगळी पाढ्यांची फौज घोकून घेत. तीन पाऊण सव्वादोन हे त्यांच्या तोंडून अजूनही विचार न करता पडतं.

मग वर्ष निघालं. पेशवाईच्या कागदांत बऱ्याचदा शुहूर सन असतो, तोही आकड्यात नाही, अरबी शब्दांत, आणि उलटा. एकं आधी, मग दहं, मग शंभर, मग हजार. कागदावर होतं ‘सबैन मया व अलफ’. सत्तर, शंभर आणि हजार. अकराशे सत्तर. त्यात ५९९ मिळवले की १७६९ साल, म्हणजे १७६९-७०. सूर्य मृग नक्षत्रात आला की हे वर्ष बदलायचं. पाऊस सुरू होतो, पेरणी होते, तिथून हिशेबाचं नवं पान. "यांचा मार्च एंड जूनमध्ये," दादा म्हणाला. "बघा, पिकाच्या हिशेबाने किती शहाणपणाचं आहे." त्या एका वाक्यात तो इतका रंगला की चहा निवला.

परतताना एका अमृततुल्यात थांबलो (निवलेल्या चहाची भरपाई). मी विचारलं, दिवसभर तेच, सुट्टीतही तेच, जीव विटत नाही का? त्याने थोडा विचार केला. "तेच कसं? तिथे मी सही करतो. चूक सापडली तर कोणाला तरी नोटीस येणार, क्लायंटला नाहीतर मला. प्रत्येक आकड्यामागे तारीख आहे. इथे? कारकून गेला, पेशवे गेले, तूप तर केव्हाच संपलं. आता ती टोटल जुळली तर फक्त मला बरं वाटणार."

लेक बशीतलं क्रीमरोल खात ऐकत होती. काही बोलली नाही. रात्री मात्र तिच्या वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघांचे पाव-पाऊण दिसले.

रविवार, ६ ऑगस्ट

सिंहगड. स्वारगेटहून पायथ्याची पीएमपी पकडली आणि आतकरवाडीतून चढायला लागलो. ढग खाली उतरलेले, वाट म्हणजे ओढाच, आणि अख्खं पुणं आमच्या पुढे-मागे. गडाची उंची सुमारे १३०० मीटर. आमच्याकडे सपाटी, त्यामुळे पहिल्या टप्प्यातच माझी छाती भात्यासारखी चालायला लागली. दादा पुढे जाऊन थांबायचा, मला गाठू द्यायचा, पुन्हा निघायचा. वर पोचल्यावर पुणे दरवाज्यात उभं राहून त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली छोटी डायरी काढली आणि वेळ लिहिली. प्रत्येक वेळची लिहितो. सोबत कोण होतं, पाऊस होता का, हेही. आजच्या वेळेपुढे ‘पाहुणे’ असा शेरा पडला.

तानाजी कडा ढगात होता, तो बघायचा राहिला. देवटाक्याचं गार पाणी प्यालो आणि एका झोपडीत पिठलं-भाकरीला बसलो. कांदाभजी, मडक्यातलं दही, ठेचा. पिठल्याबद्दल वऱ्हाडी माणसाने तोंड उघडू नये, आमचं निराळं असतं आणि ते जास्त चांगलं असतं.

भाकऱ्या थापणाऱ्या मावशींपुढे चार घोळके बसले होते. कोणी भाकरी वाढवून घेतली, कोणी दही परत केलं, कोणी भजीचे पैसे आधी दिले. कागद नाही, पेन नाही. उठताना प्रत्येकाला त्यांनी चुलीकडे बघतच आकडा सांगितला. दादा मनात ताळा करत होता, ओठ हलत होते. चारही घोळक्यांचे बरोबर. तो अगदी हरखून म्हणाला, "मावशी, तुम्ही वही ठेवत नाही?" त्या म्हणाल्या, "वही भिजते."

लेकीची जिज्ञासा तोवर सुटली होती. "मामा, यांना जीएसटी लागतो का?" मामा म्हणाला, "खाण्याच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. आता भाकरी खा."

संध्याकाळी पाय भरून आले होते, तरी त्याने मंडळाच्या बैठकीला नेलं. पेठेतलं छोटं गणेश मंडळ. दादा खजिनदार. तो सोसायटीचाही खजिनदार आहे, मोडीवाल्यांच्या चहाच्या वर्गणीचाही. एकदा सीए झालात की कुठल्याही चार माणसांत तुमचं पद ठरलेलं असतं. अध्यक्ष कोण यावर भांडण होईल, खजिनदार कोण यावर कधीच नाही.

बैठकीत वाद पेटला तो क्यूआर कोडवरून. पोरांनी वर्गणीसाठी कोड छापून आणला होता आणि तो एका कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा निघाला. हेतू वाईट नव्हता, मंडळाच्या खात्यावरचा मिळायला वेळ लागला असता. दादाने आवाज न चढवता सांगितलं की मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे, हिशेब तपासून द्यावे लागतात. "तुझ्या खात्यात दोन लाख आले तर ते गणपतीचे आहेत हे तू आयकरवाल्यांना कसं सांगशील? गणपतीला साक्षीला नेशील?" सगळे हसले, कार्यकर्ताही. छापलेले स्टिकर तिथेच फाडले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पावती पुस्तकच बरं." त्यांचं कोणी ऐकलं नाही.

मग बोलणं उत्सवाच्या तारखांवर आलं. अधिक महिन्यामुळे सगळं पुढे सरकलंय. चतुर्थी १९ सप्टेंबरला, विसर्जन २८ ला. आणि टॅक्स ऑडिटचे अहवाल द्यायची मुदत ३० सप्टेंबर. सोसायटीची वार्षिक सभाही ३० च्या आत व्हायला हवी. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. म्हणजे या माणसाकडे उरतो किती वेळ, तो हिशेब मी मनात केला आणि वहिनींचा चेहरा आठवला. अनारशांचं कौतुक करणारा अधिक महिना असा व्याजासकट वसूल करतो, हे त्याने शुक्रवारी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना म्हात्रे पुलाजवळ ढोल-ताशाचा सराव चालला होता. पत्र्याच्या शेडखाली दिव्यांच्या उजेडात रांगा लागलेल्या. आवाज कानात नाही, बरगड्यांत वाजत होता. दुसऱ्या रांगेत कमरेला ढोल आवळून, केस घट्ट बांधून, टिपरू मारणारी मुलगी लेकीने आधी ओळखली. गुरुवारी ऑफिसात मान वर न करणारी ती. आता मान वरच होती. दादाला पाहून तिने भुवया उडवल्या, हात थांबला नाही.

"सर, उद्याचे चलन केलेत!" थांबल्यावर ती ओरडून म्हणाली. तिला तिचाच आवाज ऐकू येत नसावा. लेक तिच्याशी बोलत बसली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला अजून पूर्ण कळलेलं नाही. एवढं समजलं की पहिल्या वर्षी ती दोनदा सोडून जायला निघाली होती आणि सप्टेंबरात पथकात येता येत नाही म्हणून रडली होती.

सोमवार, ७ ऑगस्ट

सात तारीख. दादा साडेसातला डबा घेऊन बाहेर. पर्वती आज नाही. जाताना दारातच लेकीने विचारलं, "मामा, दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसू का ऑफिसात? आठ दिवस."

"दिवाळीत नको. दिवाळीत सगळेच गोड असतात. सप्टेंबरच्या शेवटी ये. रात्री अकरालाही पोर्टल उघडत नाही, क्लायंट फोन उचलत नाही आणि खाली मिरवणूक चाललीय, ते बघ. मग क्लासची फी भर."

तो जिना उतरून गेला. वहिनी पोळ्या गुंडाळून आमच्या पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या, "खरंच ये गं. एकोणतीस सप्टेंबरला माझा वाढदिवस असतो. आम्ही तो दोन ऑक्टोबरला करतो, गांधी जयंतीची सुट्टी असते म्हणून. तू आलीस तर एकदा तरी त्या तारखेला केक कापता येईल."